दिवाळीच्या भेटीसाठी बटवा शिवावा की कापडी टोपली?

आमच्या नाशिकला भाऊबीजेला बेदाणे, काजू द्यायचे तर बटव्यासारखं दुसरं काही नाही. येवल्याच्या जुन्या पैठणीचा काठ त्याला फार शोभतो. जरीची तार सुटू नये म्हणून कापल्या कापल्या कडेला टीप मारून घ्या आणि इस्त्री उलट बाजूने, वर सुती फडकं ठेवूनच फिरवा. आत मऊ सुती अस्तर, वर पाऊण इंचाचा नेफा. नाड्या दोन घ्या, एकेक दोन्ही बाजूंनी ओवा, म्हणजे तोंड सारखं आवळतं. हात बसला की तासाभरात दोन होतात.

पण चकल्या बटव्यात घालू नका, चुरा होतो. त्यांना टोपलीच हवी. १२ बाय ९ इंचाचे दोन तुकडे बुकरम (ताठपणासाठीचं कडक कापड) लावून तीन बाजूंनी शिवा. मग खालचा कोपरा त्रिकोणी दुमडून, टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारा. दुसरा कोपराही तसाच. चार इंच रुंदीचा बूड तयार होतो आणि टोपली आपोआप उभी राहते! तो क्षण मला अजून आवडतो. अस्तर असंच वेगळं शिवून आत बसवायचं. बुकरमवर सुई जड जाते, म्हणून १६ नंबरची लावा. फराळाखाली बटर पेपर हवाच, तेलाचे डाग जात नाहीत.

वेळ कमी असेल तर बटवाच. पण सासरी, माहेरी मी टोपलीच नेते. फराळ संपला की तिच्यात दोऱ्याची रिळं राहतात.