साडेसहाशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: चार तारे, आणि पाचवा का कापला

मे महिन्यातला शनिवार. पुण्याहून साताऱ्याला माहेरी निघाले होते. गाडी २०१५ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची, ८७ हजार किलोमीटर झालेली. खंबाटकीच्या चढाला ती एकदम ओढेनाशी झाली. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आणली, पाय पार खालपर्यंत दाबला, तरी नुसती थरथर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. घाट उतरल्यावर लुकलुक थांबली, पण दिवा पेटलेलाच राहिला.

नुसता पेटलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक आहे, हे मला नंतर कळलं. लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतोय. अशा वेळी पाय सोडायचा असतो, दाबायचा नसतो. मी त्या क्षणी एसी आणि गाणी बंद केली, एवढंच सुचलं.

सोमवारी एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "ताई, सेन्सर गेलाय. साडेसहा हजार होतील." कोणता सेन्सर, विचारलं. "मेन सेन्सर." मी गाडी परत घेऊन आले आणि रात्री ही डबी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर, मागवली.

डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, निळी, ब्लूटूथवाली. खोक्यावर ईएलएम ३२७ हे आतल्या चिपचं नाव लिहिलंय, पण या किमतीत मूळ चिप मिळत नाही, ही नक्कल आहे हे धरूनच घ्या. सोबत एक चिमुकली सीडी येते, ती कशात घालायची ते देव जाणे. ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ती बसते. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना ते सापडेल. चावी ऑन करायची, फोनला जोडायची (पिन १२३४), आणि एखादं ॲप घ्यायचं. मी टॉर्कची फुकटची आवृत्ती वापरली.

कोड आला पी०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक, ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं), आणि शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. म्हणजे गॅरेजवाले ज्याला 'गाडी मिसिंग करते' म्हणतात ते. त्याखाली फ्रीझ फ्रेम नावाची नोंद होती: आरपीएम ३१००, इंजिनावर लोड ८८ टक्के, कूलंट ९१ अंश. दिवा पेटला त्या क्षणाचा जणू पंचनामाच. माझा घाट त्या आकड्यांत होता. स्क्रीनशॉट काढून ठेवला, कारण कोड पुसला की ही नोंदही जाते. घाईघाईने 'क्लिअर' दाबू नका.

आता, कोड फक्त घर दाखवतो, चोर नाही. मिसफायर प्लगमुळे असू शकतो, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे, अगदी कॉम्प्रेशन कमी झाल्यानेही. पण माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, म्हणून तपासायला एक पैसा लागला नाही. इंजिन थंड झाल्यावर दहा नंबरच्या पान्याने तिसरी कॉइल काढून पहिल्या सिलिंडरवर लावली आणि पहिली तिसऱ्यावर. प्लग जागचे हलवले नाहीत. कनेक्टरचा प्लॅस्टिकचा खटका उन्हाने कडक झालेला असतो, तो हळू दाबा. माझा एक तुटला, आता केबल टायवर आहे. मग कोड पुसला आणि सिंहगड रोडवर चक्कर मारली. पंधरा मिनिटांत दिवा परत, आणि या वेळी पी०३०१. दुखणं कॉइलबरोबर सरकलं होतं. मुलगा शेजारी बसला होता, म्हणाला, "आई, पकडलास!" सासूबाईंना मात्र अजूनही वाटतं की मी फोनवरून गाडी रिपेअर केली.

कॉइल १,९०० रुपयांना मिळाली. ८७ हजारांवर तसेही प्लग बदलायचेच होते, तेही चारही बदलले. पुढच्या शनिवारी खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढले.

आता पाचवा तारा. ब्लूटूथ दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटतं, आणि नेमकं आपण आकडे बघत असताना. आयफोनला ही डबी दिसतच नाही. त्यासाठी वायफाय किंवा बीएलईवाली (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथची) वेगळी घ्यावी लागते, आणि विक्रेत्याने हे कुठेही लिहिलेलं नाही. एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड तिने माझ्या गाडीत वाचले नाहीत. सॉकेटमध्ये तशीच ठेवली तर ती सतत वीज खात राहते, म्हणून दोन-चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवा. मी तर रोजच काढते, कारण क्लच दाबताना गुडघा आपटतो.

त्या गॅरेजात नंतर ऑइल बदलायला गेले होते. "मेन सेन्सर बसवला का, ताई?" मी स्क्रीनशॉट दाखवला. त्याने तो शांतपणे वाचला, फोन परत दिला आणि विचारलं, "कुठून मागवली? मलाही एक सांगा की."