बीडीएस फर्स्ट इयरचं कॉम्बो किट घ्यावं का? (5 पैकी 2 स्टार)

सरळच सांगते, बीडीएसला (दातांच्या डॉक्टरकीला) नवीन लागलेल्यांनो, हत्यारं न् सामान एकत्र करून विकतात ते अख्खं कॉम्बो घेऊ नका. पाचपैकी दोन स्टार देऊन राहिली, ते पण त्यातला रबर बाऊल, प्लास्टरचा स्पॅच्युला आणि इन्स्ट्रुमेंट ठेवायचा डबा खरंच चांगला निघाला म्हणून. बाकीचं काही सामान आत्ता लागतच नाही, काही आपल्या कॉलेजला चालत नाही, आणि ज्या दोन हत्यारांवर फर्स्ट इयरचं सगळं कार्व्हिंग (मेणातून दात कोरणं) असते, लेक्रॉन कार्व्हर आणि वॅक्स नाइफ, नेमकी तीच दोन सगळ्यात हलकी टाकलेली आहेत. दुकानाचं नाव लिहीत नाही, असे कॉम्बो विकणारे बरेच आहेत आणि यादी सगळ्यांची साधारण सारखीच असते, त्यामुळे तुम्ही कुठल्याही दुकानात हे वाचून सामान तपासू शकता.

मी स्वतः सध्या इंटर्नशिप करून राहिली, म्हणजे बीडीएसची चार वर्षं झाली आणि हे पाचवं. माझ्या काकांच्या पोरीचा यंदा बीडीएसला कॅप राऊंडमधून (सरकारी प्रवेशफेरीतून) नंबर लागला. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले, कोरडवाहू शेती, कापूस, सोयाबीन न् तूर. ही गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण अ‍ॅडमिशन होते तेव्हा आपल्याकडे कापूस शेतातच उभा असतो, पहिला वेचा घरात यायला दिवाळी उजाडते, आणि नेमकं त्याच वेळी फी, हॉस्टेल, मेसचा डिपॉझिट आणि हे किट सगळं एकदमच समोर येते. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरते, त्याचा आमच्या घरी खूप मोठा आधार झाला, खरं सांगते त्याच्याशिवाय काकांनी तिला पाठवलंच नसतं. पण किटचा खर्च त्यात बसत नाही. तो खिशातूनच करावा लागते. आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असते की नवीन पोरीचा बाप अ‍ॅडमिशनच्या दिवशी कशालाच नाही म्हणत नाही.

तर त्या दिवशी टेबल लावून बसलेल्या माणसानं सांगितलं की एकदा घेतलं की चार वर्षं पाहायचं काम नाही. काकांनी घेऊन टाकलं. दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी ते सगळं ओसरीवर सतरंजी टाकून एक-एक काढून पाहिलं.

काकांनी काय केलं, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं आणि लेक्रॉन कार्व्हरला, म्हणजे मेण कोरायच्या बारीक पात्याच्या हत्याराला, लावलं. चिकटलं. "अवं बाई, हे त लोखंड हाय, फसोलं त्यानं आपल्याले!" त्यांचा चेहराच उतरला. आता ही गोष्ट खूप जणांना माहीत नसते म्हणून नीट सांगते. कापायच्या, खरवडायच्या हत्याराचं स्टील वेगळं असते, त्याला धार टिकावी म्हणून कडक केलेलं असते, त्यात साधारण 12-14 टक्के क्रोमियम असते आणि ते चुंबकाला चिकटतेच. घरच्या पातेल्याच्या स्टीलमध्ये निकेल टाकलेलं असते म्हणून ते चिकटत नाही. म्हणजे चुंबकानं कार्व्हरची परीक्षा होत नाही, चांगल्यात चांगल्या कंपनीचा पण चिकटेल. मी काकांना म्हटलं, थांबा, दुसरी परीक्षा करू. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी पात्याला काही नव्हतं, पण पातं जिथं दांड्यात बसवलंय त्या सांध्यावर तांबूस ठिपके आले होते, आणि नखानं खरवडलं तर तिथं फट लागत होती. लेक्रॉनची खरी गोष्ट त्या सांध्यातच असते. सांध्यात वितळलेलं वॅक्स शिरते, मग पाणी शिरते, आणि काही महिन्यांत पातं हलायला लागते. हलणाऱ्या पात्यानं दाढेची ग्रूव्ह (खाच) काढून दाखवा, हात कितीही चांगला असू द्या, रेघ थरथरतेच. मग मॅडम म्हणतात हात बसला नाही आणि पोरगी वसतिगृहात जाऊन रडते, हे मी माझ्या बॅचला डोळ्यानं पाहिलंय.

वॅक्स नाइफचं पण तेच. लाकडी मूठ आहे, दिसायला छान, पण रिव्हेटजवळ पातं अंगठ्यानं दाबलं तर किंचित खेळते. हे हत्यार रोज शंभरदा ज्योतीवर तापवायचं आहे, तर लाकूड सुकून ते अजून सैल होणार. दुकानात घेताना पातं टेबलाच्या कडेला टेकवून थोडा जोर द्या, जरा जरी हललं तरी दुसरं मागा, लाजू नका.

कार्व्हिंगचे वॅक्स ब्लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फर्स्ट इयरला डेंटल अ‍ॅनाटॉमीमध्ये आपल्याला मेणाच्या चौकोनी वडीतून दात कोरायचे असतात, मापात. वरचा समोरचा पटाशीचा दात म्हणजे 11 नंबर, त्याचा क्राउन (दिसणारा भाग) 10.5 मिमी, मूळ 13 मिमी, रुंदी 8.5 मिमी. वरच्या सुळ्याचं मूळ 17 मिमी, तोंडातलं सगळ्यात लांब. खालच्या पहिल्या दाढेला पाच कस्प (टोकं). हे सगळं हातात यायला मेण चांगलं पाहिजे. चांगल्या ब्लॉकची साल पेन्सिल छिलल्यासारखी गोल सुटते. कॉम्बोतल्या ब्लॉकचे तुकडे उडत होते, कोपरा धरून कोरायला गेलं की अख्खा कोपराच निघून येते. मी चुलत बहिणीला सांगितलं, हे ब्लॉक ठेव, पण सराव आधी पांढऱ्या साबणाच्या वडीवर कर. दात दुप्पट मोठा काढ, आकार डोळ्यात बसू दे, मग मेणावर ये. साबण गावच्या किराणा दुकानात मिळते, वाया गेला तरी कपडे धुवायला कामी येते, आणि काकूनं ते लगेच मान्य केलं.

मॉडेलिंग वॅक्सचा एक बॉक्स आहे, लाल पातळ पट्ट्या, त्यावर कंपनीचं नाव आहे पण बॅच नाही तारीख नाही. दिवाळीच्या थंडीत तो ठीक वाटून राहिला. पण आपल्या विदर्भाचा एप्रिल-मे आठवा, 45 च्या वर पारा, पत्र्याची खोली. हलक्या वॅक्सच्या पट्ट्या एकमेकीला अशा चिकटतात की बॉक्समधून एकच गोळा निघते. आणि टीथ सेटिंग (मेणात नकली दात ओळीनं बसवणं) केलेली असेल आणि ती तुम्ही दुपारच्या एसटीत मांडीवर घेऊन निघालात, तर गाडी पोचेपर्यंत सगळे दात आपापल्या जागेवरून सरकलेले असतात. वॅक्स नेहमी लागेल तेवढंच, नावाजलेल्या कंपनीचं घ्या, डीपीआय कंपनीचं नागपूर-अमरावतीला सहज मिळते. आणि उन्हाळ्यात बॉक्स माठाच्या बाजूला सावलीत ठेवायचा, खिडकीत नाही.

आता महागाच्या दोन वस्तू. एक मायक्रोमोटर (ड्रिल फिरवायची छोटी मोटर), दुसरं टायपोडॉन्ट. कॉम्बोच्या किमतीतला मोठा वाटा यांचाच आहे आणि माझा खरा राग यांच्यावरच आहे. दात पोखरून कॅव्हिटी करायचं प्रीक्लिनिकल काम सेकंड इयरला असते. म्हणजे मायक्रोमोटर वर्षभर डब्यात पडून राहणार, आणि वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू. पहिल्यांदा प्लग लावाल तोपर्यंत वॉरंटी संपत आलेली. काही कॉलेजात प्रोस्थोला (कवळी-नकली दातांच्या विषयाला) आधी लागू शकते, तर तिथल्या सिनियरला विचारा, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. टायपोडॉन्ट म्हणजे प्लास्टिकचे दात स्क्रूनं बसवलेला जबडा, त्याच्यावर सराव करायचा. एका कंपनीचे दात दुसऱ्या कंपनीच्या जबड्यात बसत नाहीत. परीक्षेला कॉलेज जी कंपनी सांगते तीच लागते, आणि सुटे दात पण तिचेच घ्यावे लागतात. कॉम्बोतला जबडा आमच्या बहिणीच्या कॉलेजला चालणारा नव्हता. विकणाऱ्यानं कॉलेज कोणतं हे विचारलं पण नव्हतं, सरळ डबा पुढे केला. याला मी फसवणूक नाही म्हणणार, पण काळजी नक्कीच नाही घेतली.

अल्जिनेटचं (दातांचा साचा घ्यायच्या पावडरीचं) पाकीट पण टाकलंय. कशाला? तोंडाचं माप घ्यायचं काम येईल तेव्हा ताजं घ्यायचं असते ते. हवा आणि उष्णता लागली की पावडर खराब होते. आणि जेव्हा वापराल तेव्हा उन्हाळ्यात टाकीचं पाणी वापरू नका, गरम पाण्यानं ते बाऊलमध्येच सेट होते, ट्रे तोंडापर्यंत पोचतच नाही. माठाचं पाणी घ्या, आम्ही हॉस्टेलला तेच करायचो. प्लास्टर आणि स्टोनच्या (जास्त कडक प्लास्टरच्या) थैल्या ठीक आहेत, फक्त 100 ग्रॅम प्लास्टरला 50 मिली आणि स्टोनला 30 मिली पाणी हे माप पहिल्या दिवसापासून मोजून घ्यायची सवय लावा, अंदाजानं पाणी टाकलं की कास्ट (दातांची प्लास्टरची प्रतिकृती) ठिसूळ होते.

एक गोष्ट पाहून मात्र मला वाईटच वाटलं. यादीत शेवटी 'नॅचरल टीथ, एक बाटली' असं लिहून त्याचे वेगळे पैसे लावलेत. खरे काढलेले दात सरावाला लागतात, बरोबर आहे, पण ते आपण मागून आणायचे असतात. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, जिथं कुठं दातांचा दवाखाना आहे तिथं जाऊन नम्रपणे सांगायचं की सर, मी बीडीएसला आहे, दात ठेवाल का माझ्यासाठी, आणि झाकणाची बाटली देऊन यायची. बहुतेक डॉक्टर ठेवतात, त्यांनी पण असेच जमवले असतात. ग्लोव्हज घालूनच हात लावायचा, आधी जंतुनाशकात, मग ओलेच ठेवायचे, सुकले की ड्रिल लावताच तडकतात.

आणि त्या निमित्तानं जे कळते ते विकतच्या बाटलीत कळत नाही. माझ्या बाटलीत एक खालची दाढ होती, वरून पूर्ण शाबूत, कीड नाही काही नाही, पण हिरडी जिथं असते त्याच्या खाली मुळावर काळ्या टणक थराचं कडं, आणि मुळाचं टोक थोडं मागे वळलेलं. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, चाळिशीचा माणूस होता, दिवसभर तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखू), दात हलून हलून हातात आला. दुसरा एक दात पूर्ण तपकिरी चट्ट्यांचा, फ्लोरोसिस. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लेकरांचे दात लहानपणीच असे होतात. हे आपल्याच लोकांचे दात आहेत. आता इंटर्नशिपला ओपीडीत खर्रा खाऊन खाऊन तोंड उघडत नाही असे पेशंट येतात, दोन बोटं पण आत जात नाहीत, त्यातले काही माझ्यापेक्षा लहान असतात. तेव्हा ती दाढ मला हमखास आठवते. जमवलेल्या दातांसोबत त्यांची हकिकत येते, त्याचे पैसे देऊ नका कोणाला.

एप्रन दिलाय तो पॉलिस्टरचा आहे. समोर स्पिरिट लॅम्प पेटलेला असताना पॉलिस्टर घालून बसायचं नाही, ते वितळून अंगाला चिकटते. सुती कापड घेऊन गावच्या टेलरकडून पूर्ण बाहीचा शिवून घ्या, स्वस्त पण पडते आणि मापाचा होते. लॅम्प काचेचा होता, झाकण ढिलं. धातूचा घ्या. आणि स्पिरिट घरून एसटीत घेऊन जाऊ नका, पेटणारी वस्तू आहे, कॉलेजच्या गावातच घ्या.

मग घ्यायचं काय? पहिले दोन महिने एक चांगला लेक्रॉन, एक वॅक्स नाइफ, रबर बाऊल, स्पॅच्युला, धातूचा लॅम्प, थोडं वॅक्स, मिमीची पट्टी किंवा साधं व्हर्नियर, आणि सुती एप्रन. एवढ्यावर भागते. पैसे वाचले तर लेक्रॉनमध्ये टाका, तो चार वर्षं हातात राहते, माझा पहिल्या वर्षीचाच अजून चालू आहे. मोठ्या वस्तूंसाठी आधी फायनल इयर आणि इंटर्नच्या मुलांना भेटा, त्यांचे जबडे, मायक्रोमोटर अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात आणि ते तुमच्याच कॉलेजला चालणारे असतात. सेकंडहँड मायक्रोमोटर घेताना हँडपीस चालू करून दोन मिनिटं हातात धरा, गरम होत असेल किंवा घरघर करत असेल तर सोडून द्या.

आमच्या किटचं पुढे काय झालं ते पण सांगते. काकांकडे पक्कं जीएसटी बिल होतं आणि मायक्रोमोटरचं सील तोडलेलं नव्हतं, म्हणून बहिणीसोबत मी स्वतः गेली. दुकानदारानं बरीच कुरकुर केली, शेवटी मायक्रोमोटर परत घेतला, पैसे नाही दिले, तेवढ्या किमतीचं दुसरं सामान घ्या म्हणाला. आम्ही चांगला लेक्रॉन, वॅक्स नाइफ, डीपीआयचं वॅक्स घेतलं आणि उरलेल्या रकमेची लिखी चिठ्ठी सही-शिक्क्यानिशी घेतली, सेकंड इयरला वळती करायला. टायपोडॉन्ट मात्र त्यानं घेतला नाही, डबा उघडलेला होता. तो विकायचा आहे. कोणाच्या कॉलेजला ती कंपनी चालत असेल तर खाली लिहा, दात सगळे आहेत, एकालाही ड्रिल लागलेलं नाही.