हनीफ यांचे ३३७ की लारा यांचे ४००?

जळगावात सलामीला खेळणाऱ्या माझ्या भाच्याला अभ्यासासाठी कसोटी क्रिकेटमधल्या या दोन खेळींपैकी एकच निवडायची आहे. धावांत वेस्ट इंडिजचे ब्रायन लारा निर्विवाद पुढे आहेत: २००४ मध्ये अँटिग्वात, संघाच्या पहिल्याच डावात, ५८२ चेंडूंवर नाबाद ४००, त्यात ४३ चौकार व ४ षटकार. परिस्थिती मात्र हनीफ मोहम्मद यांची कठीण होती. १९५८ मध्ये ब्रिजटाउनला पाकिस्तानचा संघ १०६ धावांत गारद झाला, ४७३ धावांच्या पिछाडीने फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला यावे लागले, आणि तेथून हनीफ तब्बल ९७० मिनिटे पाय रोवून उभे राहिले. लारा ७७८ मिनिटे खेळले. दोन्ही सामने अनिर्णित राहिले. पण हनीफ यांनी समोर दिसणारा पराभव टाळला, म्हणून मला त्यांचीच खेळी थोर वाटते. मधल्या फळीत धावगती वाढवायची असेल त्याने लारा अभ्यासावेत. खानदेशी उन्हात नव्या चेंडूपासून दिवसभर टिकायचे असलेल्या सलामीवीराने हनीफ.