ऑफर लेटर बनावट, आणि अर्जावर एजंटचं नावच नाही

कॅनडाच्या स्टडी परमिटची तयारी चालू असेल तर हे वाचाच. माझे पैसे अडकलेत, पण खरा घोर पैशांचा नाही.

एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "पोर्टलचं टेन्शन घेऊ नकोस, लॉगिन आम्ही सांभाळतो. तू फक्त आयईएलटीएसचं बघ." आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, पोर्टलसाठी माझ्या नावाचा ईमेल त्यांनीच उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. मागितला की "अरे, सिस्टीम लॉक होते" असं गोड उत्तर. ऑफर लेटरही त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं. कॉलेजकडून मला थेट एक ओळही नाही.

फीचा पुढचा हप्ता त्यांनी कन्सल्टन्सीच्या खात्यात मागितला तेव्हा पाल चुकचुकली. लेटरची पीडीएफ मोठी करून पाहिली. माझं नाव आजूबाजूच्या मजकुरापेक्षा जरा जाड, आणि ओळीच्या किंचित वर चढलेलं. कॉलेजचा डीएलआय नंबर, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या कॉलेजचा सरकारी क्रमांक, मात्र अचूक. असणारच, ती यादी सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसते. मग अ‍ॅडमिशन ऑफिसचा ईमेल लेटरवरून न घेता कॉलेजच्या वेबसाइटवरून घेतला आणि स्टुडंट नंबर पाठवून विचारलं. उत्तर आलं, या नंबरचा विद्यार्थी आमच्याकडे नाही.

तोवर अर्ज गेला होता. 1 डिसेंबर 2023 पासून लेटर खरं आहे का हे आयआरसीसी थेट कॉलेजकडून पडताळून घेते, त्यामुळे ते पकडलं जाणारच होतं. आधी तसं नव्हतं. 2023 मध्ये ज्या भारतीय विद्यार्थ्यांचं डिपोर्टेशनचं प्रकरण गाजलं, त्यांतल्या अनेकांना आपलं लेटर बनावट असल्याचं थेट पीआरचा (कायमच्या वास्तव्याचा) अर्ज केल्यावर कळलं. शिक्षण झालेलं, नोकरी लागलेली, आणि मग ही नोटीस!

"कागद एजंटने बनवला, मला माहीतच नव्हतं" हे तिथे सहजासहजी ऐकून घेत नाहीत. अर्ज ज्याच्या नावाचा, जबाबदारी त्याची. मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे अर्जात खोटी माहिती दिली असं ठरलं तर 5 वर्षं कॅनडाचं दार बंद. पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज चालवणारा माणूस तिथे अधिकृत असावा लागतो आणि आयएमएम 5476 या फॉर्मवर त्याचं नाव द्यावं लागतं. त्या फॉर्मचं विचारल्यावर आमचे साहेब म्हणाले, "त्याची गरज नसते." गरज कशी असेल? आता कागदोपत्री सगळं मीच केलंय, यांचा कुठे मागमूस नाही. ईमेलसुद्धा माझ्याच नावाचा! हे कळलं तेव्हा खरी चिडचिड झाली.

नशिबाने बायोमेट्रिक्सच्या पत्राची प्रिंट तेवढी माझ्याकडे होती. ती दिल्याशिवाय त्यांचंही काम पुढे सरकत नव्हतं. त्यावरच्या अर्ज क्रमांकाने आयआरसीसीचा वेबफॉर्म भरला, कॉलेजचं उत्तर आणि एजंटचे मेसेज जोडले, आणि अर्ज मागे घेण्याची विनंती केली. निर्णय अजून आलेला नाही.

पोलिसांत तक्रारही दिली आहे. तिथे पावत्या पाहिल्यावर नवीनच घोळ निघाला. कॉलेजचं डिपॉझिट म्हणून जे पैसे घेतले, त्यांच्या पावतीवर लिहिलंय "मार्गदर्शन शुल्क, नापरतावा". मार्गदर्शन तर केलं, असं एजंटचं म्हणणं. डिपॉझिटचा उल्लेख फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्समध्ये आहे, त्या आता तक्रारीला जोडतोय.