घरचं बीपी मशीन: काही महिने वापरल्यावर

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घेतलंय, आई-बाबा दोघंही वापरतात. मनगटावरचं मुद्दाम टाळलं, त्यात हात हृदयाच्या उंचीवर नसेल तर आकडा लगेच बदलतो.

तक्रार एकच पण मोठी, पट्ट्याची. सोबत आलेला पट्टा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडासाठी आणि बाबांचा दंड त्याहून जाड, लहान पट्ट्यात बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन मागवावा लागला. बॉक्सवर हे ठळक लिहायला हवं होतं. घेणार असाल तर आधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा.

बाकी मशीन चांगलंय, पण मोजायची पद्धत पाळली तरच. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, आणि दोन्ही आकडे वहीत.

या वहीमुळेच खरा फरक पडला. आईचं दवाखान्यात नेहमी 150 च्या वर, घरी मात्र 125 च्या आसपास, म्हणजे डॉक्टरसमोर बसलं की वाढणारं बीपी, त्यामुळे तिची गोळी वाढवायची थांबली. बाबांचं बरोब्बर उलटं! दवाखान्यात ठीक, घरी रोज सकाळी 135/85 च्या वर. घरच्या मोजणीत तेवढं सरासरी आलं तरी ते हाय बीपीच धरतात, दवाखान्यात ती रेषा 140/90 ची असते. बाबांना ना डोकेदुखी ना चक्कर, "मला काय धाड भरलीये" म्हणायचे, पण हा आजार बहुतेकांना काही जाणवू न देताच मेंदू, हृदय, किडनी आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो. वही बघून डॉक्टरांनी लगेच ईसीजी, आणि किडनी ठीक आहे का बघायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगितलं, गोळीही बदलली. मला तर वाटतं पन्नाशीपुढच्या प्रत्येक घरात हे मशीन हवंच.

मिठाचं पण सांगते, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचाही नाही, त्यातच लोणचं, पापड, फरसाण आलं, आणि सैंधव मीठ चालतं हा गैरसमज आहे, त्यातही बीपी वाढवणारं सोडियमच असतं.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. आकडे नॉर्मल आले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल असू शकतात. आणि 180/120 च्या वर दिसलं तर थोडं शांत बसून परत मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पण सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर परत मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

ठोके अनियमित असल्याची खूण स्क्रीनवर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, अशा वेळी मशीनचे आकडे तितके भरवशाचे नसतात. वर्षातून एकदा मशीनच सोबत न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून घ्या.