सुटून आलेल्या भावाचं आधार: आमच्या तालुक्याच्या केंद्राचा अनुभव

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांच्या आधारसाठी आयांना घेऊन केंद्रावर जाणं माझं नेहमीचंच. या खेपेला मात्र माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेले. तो नऊ वर्षांनी जेलमधून सुटून आलाय. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तो आता कुठं बाजाराच्या दिवशी मान वर करून फिरायला लागलाय. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे किंवा नुकतंच बाहेर आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुटला तेव्हा त्याच्याजवळ अंगावरचे कपडे, आतल्या कामाचे साठलेले थोडे पैसे आणि सुटकेचा दाखला होता. तो दाखला दाखवून सिमकार्ड मिळत नाही. कामावर दाखवायची तर छातीच होत नाही. त्याचं आधार २०१२ साली निघालेलं, गावच्या शाळेत कॅम्प लागला होता तेव्हा. पुढं आई-वडील गेले, मातीचं घर पावसात बसलं आणि कागदांची पत्र्याची पेटीही गेली. नंबर कुणाला पाठ नव्हता. आधारला जोडलेला मोबाईल नंबर मी लावून बघितला तर परभणीकडची कुणी बाई बोलली. बंद पडलेला नंबर कंपनीने केव्हाच दुसऱ्याला दिलेला. म्हणजे घरबसल्या काही करायला जावं तर ओटीपी त्या बाईला जाणार.

आधी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका केंद्रात गेलो होतो. जुनं निघालेलं आहे असं सांगूनही तिथला माणूस म्हणाला, "नवीनच काढून टाकू," आणि तीनशे रुपये घेतले. नवीन नोंदणी फुकट असते हे मला माहीत आहे. पण मागे रांग होती, भाऊ मान खाली घालून उभा होता, म्हणून मी गप्प बसले. त्याची खंत अजून आहे. वर त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "इतकी वर्षं होता कुठं?" भाऊ काही न बोलता बाहेर गेला आणि चहाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिला. महिनाभराने अर्ज फेटाळल्याचं कळलं. ज्याचं आधार आधीच निघालंय त्याचं दुसरं निघत नाही. बोटं आणि डोळे जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज तिथंच थांबतो. यंत्रावर बसणाऱ्या माणसाला एवढं माहीत असायलाच पाहिजे.

मग भाऊ म्हणाला, "अक्का, राहू दे. मला नको ते कार्ड." पंधरा दिवस त्याने विषय काढू दिला नाही.

तालुक्याच्या केंद्रावर ज्या ताई बसतात त्या मला लेकरांमुळे ओळखतात. मी हळू आवाजात एका वाक्यात सांगितलं. त्यांनी "बरं" म्हणून नाव, जन्मसाल, जिल्हा विचारला. याहून जास्त एक शब्द नाही. माझ्या दृष्टीने या केंद्राचे निम्मे गुण इथंच.

बोटं लागेनात. आत शेवटची काही वर्षं तो शेतीच्या कामावर होता, तेव्हा आमच्याकडे मोसंबीच्या झाडांभोवती आळी खणत होता. अंगठ्याला भेगा पडल्यात, रेघा झिजून गेल्यात. ताईंनी ओल्या रुमालाने बोटं पुसायला लावली, एकेक बोट स्वतः काचेवर सरळ ठेवून बघितलं, चार वेळा नापास झालं तरी कपाळाला आठी नाही. शेवटी डोळ्यांचं यंत्र काढलं. "डोळे मोठे करा दादा, पापणी लववू नका." दोन मिनिटांत जुना नंबर सापडला. रंगीत प्रिंटचे चाळीस रुपये घेतले, पावती दिली. कागदावर २०१२ चा फोटो होता, काळ्याभोर मिशांचा. भाऊ तो बाहेरच्या बाकावर बसून कितीतरी वेळ बघत होता.

पत्ता बदलायचा होता, कारण आता तो माझ्याकडे राहतो. त्यासाठी ग्रामपंचायतीचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. आम्ही ते नेलं होतं, पण शिक्का नुसता खाली मारलेला. तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यावा लागतो. परत गाव, परत तालुका, बावीस किलोमीटर. एसटीत माझं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण, आणि दोघांचा रोज बुडाला. या केंद्राबद्दल माझी तक्रार एवढीच. तो नमुना नीट भरलेला भिंतीवर लावून ठेवला तर माणसाची एक फेरी वाचेल. मी ताईंना सांगितलंय.

दुसऱ्या फेरीला पत्ता, मोबाईल, बोटं, फोटो सगळं एकदम केलं. १२५ रुपये लागले. बोटं-डोळे नव्याने घेतले की पत्त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दरांचा फलक खिडकीजवळच आहे, ऑक्टोबर २०२५ पासूनचे वाढीव दर त्यावर लिहिलेत, आणि त्याहून एक रुपया जास्त मागितला नाही.

फोटोच्या वेळचं सांगितलंच पाहिजे. ताई म्हणाल्या, "कॅमेऱ्याकडे बघा." भाऊ खुर्चीवरून उठला, भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला आणि विचारलं, "पाटी कुठाय?" आत फोटो काढताना नंबरची पाटी छातीशी धरायला लावली होती, त्याला वाटलं इथंही तसंच. माझ्या पोटात कालवलं. ताई जागेवरून उठल्या, खुर्ची सरळ केली आणि म्हणाल्या, "पाटी नाही लागत दादा. बसा. कॉलर नीट करा, चांगला येऊ द्या फोटो." त्याने कॉलर नीट केली.

निघताना ताईंनी जे सांगितलं ते मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कैदी आत येतो तेव्हा त्याची नोंद ई-प्रिझन्स म्हणजे जेलांच्या सरकारी संगणकात होते. त्या नोंदीचा कागद, कारागृह अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा, कैद्याचं आधार काढायला किंवा दुरुस्त करायला पुरावा म्हणून चालतो. म्हणजे हे सगळं आत असतानाच होऊ शकतं. जेलात भेटीला गेले की मी बनियन आहे का, साबण आहे का विचारायचे. कागदांचं एकदाही विचारलं नाही. तुमचं माणूस आत असेल तर त्याला आजच विचारा, आणि अधीक्षकांच्या नावाने लेखी अर्ज द्यायला लावा. सुटकेच्या दाखल्याबरोबर चालू मोबाईल नंबरचं, खऱ्या पत्त्याचं आधार माणसाच्या हातात पडलंच पाहिजे. फाटकाबाहेरचे पहिले दोन-तीन महिने फार वाईट असतात. काम नसतं, घरात बोलणी बसतात, आणि जुन्या संगतीची माणसं बरोबर वाट बघत असतात.

अकराव्या दिवशी आधार दुरुस्त झाल्याचा मेसेज आला. आठवड्यात सिम झालं. बँकेत खातं निष्क्रिय पडलं होतं, आधारची झेरॉक्स देऊन तेही सुरू झालं. आता तो जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात ठेकेदाराकडे जातो. पहिल्या दिवशी गेटवर वॉचमनने कार्ड बघितलं, रजिस्टरात नाव लिहिलं आणि "जा आत" म्हणाला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने मला हे तीन वेळा सांगितलं.

माझ्याकडून केंद्राला पाचपैकी साडेचार. जायचं तर सोमवार टाळा, गर्दी फार असते. नऊच्या आत टोकन घ्या. दुपारी सर्व्हर बसला तर ताई नंबर लिहून घेतात आणि फोन करतात, ताटकळत ठेवत नाहीत. ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, तारीख बघून न्या.