सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, नऊ महिन्यांनी: त्या एका स्क्रूबद्दल

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, टेक्ससमध्ये लानोच्या पलीकडे मित्राच्या रँचवर डुक्कर पडलं आणि मी रिकाम्या पुंगळ्या काढायला लोडिंग गेट उघडलं. पुंगळी ढकलून बाहेर काढणारा इजेक्टर रॉड दाबला तर तिरका गेला. टॉर्च मारून पाहिलं, बॅरलखालची इजेक्टरची नळी पुढच्या बाजूने लोंबत होती. तिला धरून ठेवणारा एकुलता एक स्क्रू गायब. पाऊण तास गुडघ्यांवर बसून खड्यांत चाचपडत होतो, सापडला नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढा स्क्रू!

ही गन मी एप्रिलमध्ये घेतली. सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हॅमर (गोळीवर ठोका मारणारा भाग) आधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. .३५७ मॅग्नम, सहा गोळ्या, पावणेपाच इंचाच्या आतबाहेरची बॅरल, वजन सव्वा किलोच्या जरा खाली. हिशोब सरळ होता: स्वसंरक्षणाला कमरेला लावायला एक आणि शिकारीला दुसरी असा दुहेरी खर्च कशाला? सरावाला स्वस्तातली .३८ स्पेशल गोळी, रानात मॅग्नम, गन तीच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार त्या एका स्क्रूची आहे आणि बाकी गन उत्तम आहे.

ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी या वाटेला गेलो नव्हतो. आपल्यातले जे एच-वनवर आहेत त्यांनी आधी वकिलाला विचारावं. बिगर-स्थलांतरित व्हिसावर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते नीट समजून घ्यायला हवेत.

पहिले तीन महिने मी खूश होतो. हॅमर अंगठ्याने मागे ओढला की चाप इतका हलका आणि स्वच्छ सुटतो की पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील अशा बसायच्या. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीच्या जुन्या गनमध्ये हॅमरखालचा खण रिकामा ठेवून पाचच गोळ्या भरायची पद्धत होती, कारण हॅमरवर काही आपटलं तर गोळी सुटायची. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढल्यावरच हॅमरचा ठोका गोळीपर्यंत पोचवणारी पट्टी, आणला आणि ती भीती गेली. माझ्या गनमध्येही तसा बार आहे, त्यामुळे सहाही भरता येतात. मुठीचा आकार नांगराच्या मुठीसारखा. मॅग्नमचा धक्का हातात रुतत नाही, गन तळव्यात वर वळते. धक्का सोसायला हा आकार फार चांगला. मेमध्ये मित्रांना मी छातीठोकपणे सांगत होतो की दोन्ही कामांना हीच घ्या.

ते मत आता मागे घेतो.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय गन बाळगता येते. मी तरीही परवाना काढला, दुसऱ्या राज्यांत उपयोगी पडतो म्हणून. पण कायदा सोपा झाला म्हणून गन बारीक होत नाही. गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरची जाडी पावणेदोन इंच. जुलैच्या उन्हात, एका शर्टाखाली, ती कमरेवर आंबोळीच्या तव्याच्या मुठीसारखी टोचायची. गाडीत बसताना मूठ बरगडीला लागायची. दारावर ३०.०६ ची (परवानाधारकालाही लपवलेली गन आत आणायला मनाई करणारी) पाटी असलेल्या प्रत्येक दुकानापाशी ती काढून गाडीतल्या पेटीत ठेवायची, परत आल्यावर पुन्हा लावायची. ऑगस्टपासून ती आठवड्यातले चार दिवस घरीच राहायला लागली. जी गन घरी राहते ती संरक्षणाच्या कामाची नाही, हे मला स्क्रू पडण्याआधीच कळायला हवं होतं.

स्क्रू पडल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. या गनमध्ये सहा पुंगळ्या एकावेळी पडत नाहीत. गेट उघडायचं, सिलिंडर एक घर फिरवायचा, रॉड दाबायचा, असं सहा वेळा. मग एकेक गोळी भरायची. घरी जेवणाच्या टेबलावर नकली काडतुसं घेऊन वेळ लावून पाहिला: अडतीस सेकंद. मित्राची डबल ॲक्शन (नुसता चाप ओढला की हॅमर आपोआप मागे जाणारी), सगळ्या गोळ्या एकदम भरणाऱ्या स्पीडलोडरसह, सात सेकंदांत तयार. आणि माझा इजेक्टर तर एका स्क्रूवर टांगलेला. बॅरलची भिंत पातळ, त्यामुळे स्क्रूला धरायला मोजकेच आटे मिळतात. लांब स्क्रू घालावा तर तो बॅरलच्या आत घुसेल. मॅग्नमच्या प्रत्येक धक्क्याला गन मागे जाते आणि नळीचं वजन पुढे ओढतं, तो सगळा ताण या चार आट्यांवर. वर हॅमर एकदा मागे ओढला आणि गोळी झाडायची नसेल, तर घामेजल्या अंगठ्याने तो हळूहळू खाली सोडावा लागतो. शिकारीत थांबून, बॅरल जमिनीकडे करून हे जमतं. पार्किंगमध्ये, हृदय धडधडत असताना, मी करणार नाही.

कंपनीला फोन केला. म्हणाले गन पाठवा, चार आठवडे लागतील. ऐन मोसमात! मी म्हटलं, गन नको, स्क्रू पाठवा. तिसऱ्या फोनला कबूल झाले. स्क्रू तीन डॉलरचा, पाठवणावळ साडेनऊ. मी दोन मागवले, म्हणजे पाठवणावळ वाया जाऊ नये. एवढ्या किमतीच्या वस्तूत दहा पैशांचा आटेबंद चिकटद्रव कारखान्यात टाकला असता तर हे काही घडलंच नसतं, याचा राग मला अजून आहे.

सिंधुदुर्गात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा, मग परत. भातात रानडुकरं उतरली की रात्री ती घेऊन माचावर बसायचे. सकाळी घरी आले की चहाच्या आधी ते बंदुकीचा प्रत्येक खिळा अंगठ्याने दाबून पाहायचे. मला तेव्हा तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

शिकारीसाठी मात्र मत बदललेलं नाही. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकराला इथे २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. नराच्या खांद्यावर जाड चामड्याची ढाल असते, म्हणून वाकडीतिकडी गोळी नको. कानामागे, पंचवीस यार्डांच्या आत, आणि डुक्कर शांत उभं असेल तरच. कानाला मफ हवेतच, मॅग्नमचा आवाज एकाच गोळीत कानाचं नुकसान करतो. सापांच्या दिवसांत पहिल्या खणात छर्ऱ्याचं काडतूस भरून चालतो, पिस्तुलात हे इतकं सुखाने होत नाही. रँचवर लपवायचीही गरज नसते, ती कमरेला उघडी लटकते आणि तिथे तिचं वजन मला जाणवतही नाही.

रोजच्यासाठी गेल्या महिन्यात पाच गोळ्यांची छोटी डबल ॲक्शन घेतली, जुनी, निम्म्या किमतीत. म्हणजे दोन गन झाल्याच. एकीतच भागवण्याच्या नादात मी आधी जड होल्स्टरवर एकशे दहा डॉलर घातले होते, ते उगाच गेले.

नवा स्क्रू बसवताना आटे स्पिरिटने पुसले, निळा चिकटद्रव लावला (लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही), बरोबर बसणाऱ्या पात्याने घट्ट केला आणि डोक्यापासून नळीपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटली तर स्क्रू फिरला असं समजायचं. काल साठ मॅग्नम झाडून घरी आलो, हात धुण्याआधी अंगठ्याने दाबून पाहिलं. रेघ अखंड आहे.